स्टुडिओतली खुर्ची, मैदानाकाठचं बाकडं

१९७३ सालचा ऑक्टोबर महिना. डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबचा मॅनेजर ब्रायन क्लफ याने १५ तारखेला, सोमवारी, राजीनामा दिला. दीडच वर्षापूर्वी त्याने या मध्यम वकुबाच्या क्लबला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. भांडण क्लबचे अध्यक्ष सॅम लाँगसन यांच्याशी होतं आणि त्याचं एक मोठं कारण होतं टीव्ही. क्लफ टीव्हीवर फार दिसतो, फार बोलतो, कुणालाही काहीही बोलतो, ही अध्यक्षांची तक्रार. राजीनाम्यानंतर दोनच दिवसांनी वेम्बलीवर इंग्लंड-पोलंड सामना होता. इंग्लंड जिंकलं तरच पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात जाणार होतं. त्या रात्री क्लफ होता आयटीव्हीच्या स्टुडिओत. तिथे बसून त्याने पोलंडचा गोलरक्षक यान टोमाशेव्स्की याला विदूषक ठरवून टाकलं. त्या विदूषकाने हल्ल्यामागून हल्ले परतवले, सामना १-१ असा सुटला आणि इंग्लंड बाहेर फेकलं गेलं. पुढच्या वर्षी पोलंड विश्वचषकात तिसरं आलं. त्या स्पर्धेत टोमाशेव्स्कीने दोन पेनल्टी अडवल्या.

या चुकीमुळे क्लफचं काय बिघडलं? काहीही नाही. चुकीचा किस्सा झाला आणि त्याला टीव्हीवरची बोलावणी येतच राहिली. पण १९७४ मध्ये याच माणसाने लीड्स युनायटेडची सूत्रं घेतली तेव्हा ४४ दिवसांत त्याला घरी पाठवण्यात आलं. तुम्ही जिंकलेली पदकं कचऱ्यात टाकायच्या लायकीची आहेत, असं त्याने आल्या आल्या ऐकवलं, हे लीड्सचे खेळाडू पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. जीभ तीच. स्टुडिओत तिला टाळ्या मिळत होत्या, ड्रेसिंग रूममध्ये तिने नोकरी घालवली. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या क्लबला त्याने १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिले, तेव्हा कुठे लीड्स लोकांच्या मनातून थोडं मागे पडलं.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण आज फुटबॉलमधल्या ज्या दोन धंद्यांना आपण एकाच वाटेवरचे दोन थांबे समजतो, त्यांच्यातला फरक त्यात उघडा पडतो. सामना समजावून सांगणारा आणि सामना घडवणारा हे दोन वेगळे कारागीर आहेत. सुतार आणि गवंडी एकाच घरावर काम करतात म्हणून एकाने दुसऱ्याची हत्यारं उचलावीत असं कुणी म्हणत नाही. फुटबॉलमध्ये मात्र गेली पन्नासेक वर्षं सर्रास तसं चाललं आहे आणि दोन्ही हत्यारं बहुतेक वेळा ज्याने ती कधी हातात धरलेली नाहीत त्याला मिळतात. त्याचं भांडवल एकच, तो पूर्वी फार चांगला खेळायचा.

इंग्रजीत अशा टीव्हीवरच्या तज्ज्ञाला ‘पंडित’ म्हणतात. शब्द आपला. कंपनी सरकारच्या काळात तो तिकडे गेला, तिथे टीव्हीने त्याची शेंडी कापली, गळ्यात टाय बांधला आणि त्याला सोफ्यावर बसवलं. (आपल्याकडे योगायोग असा की क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत ज्यांच्या आवाजात घराघरांत ऐकलं गेलं त्यांचं आडनाव पंडितच होतं, बाळ ज. पंडित. आणि मायक्रोफोन ठेवून थेट भारतीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेलेल्या माणसाचं आडनाव शास्त्री.) फुटबॉलच्या पंडितांचं पहिलं गाजलेलं मंडळ आयटीव्हीने १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी बसवलं. माल्कम अ‍ॅलिसन, पॅट क्रेरंड, डेरेक डुगन आणि बॉब मॅकनॅब असे चार जण एकमेकांच्या अंगावर धावून जात आणि लोक सामन्यापेक्षा ते बघायला टीव्ही लावत. त्यामागे डोकं होतं जिमी हिलचं. हा हिल म्हणजे या दोन्ही धंद्यांचा आद्य पुरुष. आधी फुलहॅमचा खेळाडू, मग खेळाडूंच्या संघटनेचा नेता, ज्याने १९६१ मध्ये आठवड्याला २० पौंडांची पगाराची कमाल मर्यादा उठवायला लावली. त्यानंतर कोव्हेंट्रीचा मॅनेजर. १९६७ मध्ये त्याने क्लबला पहिल्या श्रेणीत नेलं आणि त्या श्रेणीत एकही हंगाम न घालवता तो लंडनच्या टीव्ही कंपनीत खेळ विभागाचा प्रमुख म्हणून निघून गेला. शिखरावर पोचताच तंबू गुंडाळणारा दुसरा मॅनेजर मला आठवत नाही. वारा कुठून वाहणार आहे हे त्याला इतरांच्या आधी कळलं होतं.

वारा म्हणजे पैसा. बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ २२ ऑगस्ट १९६४ ला लिव्हरपूल-आर्सेनल सामन्याने सुरू झाला तेव्हा तो पाहणारे वीसेक हजार लोक होते, म्हणजे त्या दिवशी मैदानात होते त्यांच्याहून कमी. १९९२ मध्ये प्रीमियर लीग जन्माला आली ती ३० कोटी ४० लाख पौंडांच्या पाच वर्षांच्या कराराच्या पाळण्यात. २०२५ ते २०२९ या चार वर्षांसाठी फक्त ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे हक्क ६७० कोटी पौंडांना गेले. एवढ्या पैशाचा माल विकायचा तर नव्वद मिनिटं पुरत नाहीत. आधी दोन तास, नंतर दोन तास, आठवडाभर चर्चा. ती भरायला माणसं लागतात आणि ओळखीचा चेहरा सर्वांत स्वस्तात वेळ भरतो. बीबीसीने निवेदक गॅरी लिनेकरला वर्षाला साडेतेरा लाख पौंड दिले, तेव्हा ‘स्वस्तात’ हा शब्द विचित्र वाटेल. पण त्या पैशात एखाद्या मोठ्या क्लबचा आघाडीवीर महिनाभरसुद्धा मैदानात उभा राहणार नाही. लिनेकरने, हे नोंदवायला हवं, कधीही कुठल्या क्लबचं मॅनेजरपद घेतलं नाही. आपलं काम काय आहे हे ज्यांना स्वच्छ कळलं अशा थोड्यांपैकी तो एक.

बाकीच्यांना मोह आवरला नाही. अ‍ॅलन शियरर २००९ च्या एप्रिलमध्ये ‘मॅच ऑफ द डे’चा सोफा सोडून न्यूकॅसल वाचवायला गेला. न्यूकॅसलचाच मुलगा, क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, अख्खं शहर भावनेच्या भरात. आठ सामन्यांत एक विजय, पाच गुण, क्लब खालच्या श्रेणीत. शियरर सोफ्यावर परतला आणि पुन्हा कधी मॅनेजर झाला नाही. थिएरी ऑन्रीने २०१८ च्या उन्हाळ्यात स्काय वाहिनी सोडली आणि ऑक्टोबरमध्ये तो मोनाकोला गेला. वीस सामन्यांत चार विजय, पुढच्या जानेवारीत हकालपट्टी आणि त्याच्या जागी तोच लिओनार्दो जार्दिम परत आला ज्याला काढून ऑन्रीला आणलं होतं.

यांत सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट गॅरी नेव्हिलची आहे, कारण नेव्हिल हा नुसता नावावर बसलेला पंडित नव्हता. २०११ पासून स्कायच्या सोमवारच्या कार्यक्रमात त्याने जे केलं ते खरोखर चांगलं काम होतं. स्क्रीनवर चित्र थांबवायचं, बचावपटूच्या खांद्याची दिशा दाखवायची, तो दोन पावलं उशिरा का वळला हे उलगडायचं. गोल झाला की गोल करणाऱ्याचं कौतुक करून मोकळं होण्याची टीव्हीची जुनी सवय त्याने आणि नंतर आलेल्या जेमी कॅरागरने मोडली. गोलच्या तीस सेकंद आधी काय घडलं ते बघायला त्यांनी लाखो लोकांना शिकवलं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात तो रॉय हॉजसनचा साहाय्यकही होता. त्यामुळे २०१५ च्या डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या वालेन्सियाने त्याला प्रशिक्षक नेमलं तेव्हा अनेकांना वाटलं, आता हा जे फळ्यावर दाखवतो ते मैदानात दाखवील. क्लबचे मालक पीटर लिम हे दुसऱ्या एका क्लबात त्याचे भागीदार होते, ही बाबही नेमणुकीपासून वेगळी काढता येत नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला बार्सिलोनाने कोपा देल रेच्या उपांत्य फेरीत वालेन्सियाला ७-० असं धुतलं. लीगच्या सोळा सामन्यांत तीन विजय, मार्चअखेर निरोप.

आता त्याच फेब्रुवारीतला दुसरा प्रसंग. वालेन्सिया सात गोल खाऊन परतल्यानंतर आठवड्याभराने जर्मनीतल्या होफेनहाइम या क्लबने अठरा संघांत सतराव्या क्रमांकावर असताना आपली सूत्रं युलियान नागेल्समान नावाच्या २८ वर्षांच्या तरुणाकडे दिली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याचा खेळ विशीतच थांबला होता. व्यावसायिक लीगचा एकही सामना तो खेळलेला नव्हता. ऑग्सबुर्गच्या दुसऱ्या फळीत असताना तिथला प्रशिक्षक थोमास टुखेल याने त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी करून अहवाल लिहायला बसवलं आणि तिथून तो मुलांच्या संघांचा प्रशिक्षक होत होत वर आला. होफेनहाइम त्या हंगामात वाचलं. पुढच्या हंगामात चौथं आलं. एकीकडे नेव्हिलचे मँचेस्टर युनायटेडकडून सहाशेहून जास्त सामने आणि आठ लीग विजेतेपदं. दुसरीकडे टिपणांच्या वह्या.

या तुलनेतून ‘टीव्हीवर बडबडणं सोपं असतं’ हा पारावरचा निष्कर्ष काढायचा मोह होतो. नेव्हिल परतला तेव्हा तो हजारांनी काढलाच. वालेन्सियात तोंडावर आपटलेल्याने आता दुसऱ्याच्या चुका दाखवू नयेत, असं म्हणणाऱ्यांची रीघ लागली. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो आणि ज्या समजुतीने त्याला वालेन्सियाला पाठवलं तिचीच ही दुसरी बाजू आहे. ज्याला सांगता येतं त्याला करता येईल, असं मालकाला वाटलं. ज्याला करता आलं नाही त्याने सांगू नये, असं प्रेक्षकाला वाटलं. दोघांनीही सांगणं हे स्वतंत्र कसब मानलंच नाही. नाट्यसमीक्षकाने नाटक लिहून पाडलं म्हणून त्याची समीक्षा खोटी ठरत नाही. तिची मापं वेगळी आहेत.

वेगळी का, तर काळामुळे. स्टुडिओतला माणूस चित्र थांबवतो. मैदानाकाठचा माणूस काहीच थांबवू शकत नाही. विश्लेषकाकडे निकाल हातात असतो आणि तो मागे मागे जात कारण शोधतो. मॅनेजरकडे कारणंच कारणं असतात आणि निकाल अजून यायचा असतो. शिवाय त्याच्या कामाचा बराच भाग सामन्याशी संबंधित नसतोच. पंचवीस खेळाडूंपैकी अकरा खेळणार, म्हणजे दर आठवड्याला चौदा तरुण, श्रीमंत, दुखावलेली माणसं सांभाळायची. त्यांतल्या कुणाचं मूल आजारी आहे, कुणाचा एजंट दुसऱ्या क्लबशी बोलतो आहे, कुणाला मांडीत कळ येते पण तो सांगत नाही. हे सगळं परक्या भाषेत करायचं असेल तर काय होतं ते नेव्हिलने पाहिलं, त्याला स्पॅनिश धड येत नव्हती. टचस्क्रीनवरचा बचावपटू बोटाने सरकवता येतो, खराखुरा बचावपटू उलट विचारतो, मीच का?

रवी शास्त्री यशस्वी ठरले की, असं कुणी म्हणेल. ठरले, २०१७ ते २१ या काळात ते मुख्य प्रशिक्षक असताना भारताने ऑस्ट्रेलियात दोन कसोटी मालिका जिंकल्या आणि मग ते पुन्हा समालोचनात आले. पण क्रिकेटमध्ये मैदानावरची सूत्रं कर्णधाराकडे असतात. गोलंदाजी कुणाला द्यायची, क्षेत्ररक्षण कुठे लावायचं हे तो ठरवतो. प्रशिक्षकाने माणसांना उभारी दिली, वातावरण राखलं की त्याचं अर्धं काम होतं. फुटबॉलचा मॅनेजर कर्णधार, निवड समिती आणि प्रशिक्षक असं सगळं एकटाच असतो. त्यामुळे क्रिकेटचा दाखला इथे चालत नाही.

या अदलाबदलीचं खरं नुकसान पडलेल्या पंडितांचं होत नाही, त्यांना खुर्ची परत मिळते. पहिलं नुकसान प्रेक्षकाचं. स्टुडिओ हा मॅनेजरांचा वेटिंग रूम झाला की तिथलं बोलणं बदलतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडने काढलेला जोसे मोरिन्यो पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला स्कायवर विश्लेषण करत होता आणि नोव्हेंबरमध्ये टॉटनहॅमचा मॅनेजर झाला. त्याच्या बोलण्यात खोट होती असं मी म्हणत नाही, त्याचं विश्लेषण तल्लखच असे. पण उद्या ज्या मालकाकडे अर्ज करायचा त्याच्या क्लबबद्दल आज पूर्ण खरं बोलणं कुणाही माणसाला जड जाणार. जे परत मैदानात जाऊ इच्छितात ते मित्र-मॅनेजरांना सांभाळून घेतात. जे जाऊ इच्छित नाहीत ते तोंडसुख घेतात, कारण त्याचीच क्लिप फिरते. दोन्हींत सामना बाजूला राहतो.

दुसरं नुकसान दाराबाहेर उभ्या असलेल्यांचं. जुन्या खेळाडूंचा हा सोफा फार काळ एक बंद क्लब होता आणि आत कसलं बोलणं चालतं ते मायक्रोफोन चुकून चालू राहिला की कळे. २००४ मध्ये रॉन अ‍ॅटकिन्सन या जुन्या मॅनेजरला एका कृष्णवर्णीय खेळाडूबद्दल काढलेल्या उद्गारामुळे आयटीव्ही सोडावी लागली. त्याला वाटलं होतं प्रक्षेपण संपलं आहे. २०११ मध्ये एका लाइनवुमनबद्दलच्या शेऱ्यांपासून सुरू झालेल्या प्रकरणात स्कायचे दोन सर्वांत मोठे चेहरे, अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज, गेले. याच काळात जॅकी ओटली नावाची एक बाई, गुडघ्याच्या दुखापतीने खेळणं सुटल्यावर नोकरी सोडून पत्रकारिता शिकली, स्थानिक रेडिओवर सामने सांगत घडली आणि एप्रिल २००७ मध्ये ‘मॅच ऑफ द डे’वर समालोचन करणारी पहिली महिला ठरली. तेव्हा वर्तमानपत्रांत वाद झाला तो बाईचा आवाज कानाला चालेल का यावर. तिने तयारी कशी केली आहे हे कुणी विचारलं नाही.

समालोचनाची तयारी ही तर स्वतंत्र विद्या. तिची सुरुवातच सुंदर आहे. जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीने रेडिओवर पहिल्यांदा सामन्याचं धावतं वर्णन केलं ते रग्बीचं. टेडी वेकलम या समालोचकासमोर एक अंध माणूस बसवला होता, याला दिसेल असं बोल, म्हणून. आठवड्याने आर्सेनलच्या मैदानावरून फुटबॉलचा सामना गेला तेव्हा ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचा आठ चौकोनांत विभागलेला नकाशा छापला होता. वेकलम खेळ सांगे आणि दुसरा आवाज चेंडू कितव्या चौकोनात आहे ते म्हणे. न दिसणाऱ्याला दिसेल असं बोलणं, ही या कामाची व्याख्या आजही पुरेशी आहे. समालोचक जॉन मॉटसन रंगीत शाईने भरलेले टिपणांचे कागद घेऊन सामन्याला बसे. मार्टिन टायलर हा तर उलट्या वाटेचा प्रवासी. इंग्लिश फुटबॉलचा सर्वांत ओळखीचा आवाज असलेला हा माणूस वर्षानुवर्षं वोकिंगसारख्या छोट्या, बिगर-लीग क्लबांच्या प्रशिक्षक चमूत काम करत राहिला. मोठ्या नावाच्या जोरावर मोठं पद मागण्याऐवजी त्याने लहान मैदानावर, चिखलात उभं राहून खेळ आतून बघायचं ठरवलं. दोन धंद्यांत येजा करायचीच असेल तर ती अशी.

किंवा युर्गन क्लॉपसारखी. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं म्हणून तपासून बघावंच लागतं. क्लॉप माइन्त्सचा प्रशिक्षक असतानाच २००५ पासून जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीवर राष्ट्रीय संघाचे सामने समजावून सांगत होता. २००६ च्या विश्वचषकात तो स्क्रीनवर रेघा मारत बोलायचा आणि त्या कार्यक्रमाला जर्मन टीव्ही पुरस्कार मिळाला. पुढे डॉर्टमुंडला दोन विजेतेपदं आणि लिव्हरपूलला तीस वर्षांनी लीग मिळवून देणारा तो हाच. एमा हेजचंही तसंच. चेल्सीच्या महिला संघाची प्रशिक्षक असताना २०२१ च्या उन्हाळ्यात तिने आयटीव्हीवर पुरुषांच्या युरो स्पर्धेचं विश्लेषण केलं आणि अनेक नावाजलेले खेळाडू तिच्यापुढे फिके पडले. २०२४ मध्ये तिने अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. पण या दोघांचा क्रम पाहा. ते प्रशिक्षक आधी होते. रोज सकाळी मैदानावर जे सांगत, तेच संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर सांगत. खेळाडू म्हणून दोघांचंही नाव नव्हतं, त्यामुळे विकायला त्यांच्याकडे समज सोडून काही नव्हतंच.

आता आपल्याकडे. शतक उलटलं त्या सुमारास आमच्या पिढीने इंग्लिश फुटबॉल पाहिला तो ईएसपीएन-स्टारवर, सिंगापूरच्या स्टुडिओतून. तिथे लिव्हरपूलचा जुना खेळाडू स्टीव्ह मॅकमहॉन असे. तो २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ ग्लोरीचा प्रशिक्षक झाला, हंगाम संपायच्या आत ते सोडलं आणि पुन्हा आमच्या पडद्यावर आला. म्हणजे हा नमुना आपण घरबसल्या पाहिलेला आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तोच नमुना आयात झाला. पहिल्या हंगामात आठ संघ, आठही मुख्य प्रशिक्षक परदेशी. गोव्यात झिको, केरळात डेव्हिड जेम्स, चेन्नईत मार्को माटेराझी. शेवटचे दोघे तर खेळाडू आणि मॅनेजर एकदम. जाहिरातीच्या फलकावर ही नावं शोभतात, हे मान्य. पण डेम्पोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे गोव्याचे आर्मांदो कुलासो त्या आठांपैकी एकाही बाकड्यावर नव्हते. दोन वर्षांनी गोव्याचे जुने क्लब राष्ट्रीय लीगमधून, म्हणजे आय-लीगमधून, बाहेर पडले.

तरीही मुंबई-पुण्यात ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’च्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती जोरात आहेत. हातात टॅब्लेट घेतलेला तरुण, मागे प्रकाशझोतातलं मैदान. या जाहिराती पाहून लाखांत फी भरणाऱ्या पालकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, आपल्या फुटबॉलचा टीव्हीवर किती भार आहे ते आधी बघा. देशाच्या महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींचा करार केला आणि लीग चालवणारी कंपनी व तिचं प्रक्षेपण करणारे यांच्यात मालकीचंच नातं राहिलं. करार संपत आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, लीग थांबवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं आणि काही क्लबांनी पगार रोखले. त्यात खेळाडू होते तसे विश्लेषक, फिजिओ, किट सांभाळणारे, समाजमाध्यमं बघणारे असे ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’वालेही होते. दुसरी गोष्ट, पदविकेतून मॅनेजर होता येत नाही. प्रशिक्षकपदाचा रस्ता महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून सुरू होतो, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ करत प्रो परवान्यापर्यंत जातो आणि मधल्या प्रत्येक पायरीवर कुठल्यातरी मैदानात कुणाच्यातरी मुलांना शिकवावं लागतं. वातानुकूलित वर्गातून तिकडे जाणारी पायवाट नाही.

समालोचनाची दारं मात्र मला तितकी बंद वाटत नाहीत आणि इथे भाषा कामाला येते. २०२३ च्या आयपीएलचं जिओसिनेमावर मराठीतून समालोचन झालं. ते करणाऱ्या केदार जाधवला हंगामाच्या मध्येच बंगळूरच्या संघाने खेळायला बोलावून घेतलं, असा मजेदार प्रकारही झाला. पण तिथेही भरती बहुतेक जुन्या खेळाडूंची, म्हणजे सोफ्याचीच मराठी आवृत्ती. खरं मराठी समालोचन मी ऐकतो ते गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत. मांडवाखाली एक पोरगा माईक धरून बसलेला, समोर यूट्यूबसाठी कॅमेरा. फलंदाज कुठल्या वाडीचा, त्याचा भाऊ मागच्या वर्षी कुठल्या संघातून खेळला, षटकार कुणाच्या कौलांवर पडला हे त्याला पाठ. या पोराला कुणी विचारत नाही की फुटबॉल सांगशील का.

आणि फुटबॉल आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असतात तेव्हा पेठांमधलं वातावरण काय होतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. या फुटबॉलची तालमींची भाषा आहे, शिव्या आहेत, दंतकथा आहेत. तिचा कुठला शब्दसंग्रह नाही आणि आकडेवारीची वही कुणी ठेवल्याचं मला माहीत नाही. दिल्लीत नोव्ही कपाडिया यांनी हे काम देशाच्या पातळीवर एकट्याने केलं. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे हे प्राध्यापक नामांकित खेळाडू नव्हते. कुठल्या सामन्यात कुणी गोल केला, कोणता क्लब कुठल्या गल्लीत जन्मला हे त्यांच्या डोक्यात होतं आणि म्हणूनच ते भारतीय फुटबॉलचा आवाज झाले. २०२१ मध्ये ते गेले. कोल्हापूरचा, मडगावचा, कूपरेज मैदानाचा कपाडिया अजून व्हायचा आहे. जो होईल त्याने खेळाडू म्हणून नाव कमावलेलं असण्याची काही गरज नाही, वही लागेल.

बाकड्यावरच्या माणसाचंही एक उदाहरण आपल्याकडे आहे. खालिद जमील सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, कमी पैशाच्या, कमी प्रेक्षकांच्या संघाला लीगमध्ये टिकवत. मग ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले. खालच्या श्रेणीत घसरलेला हा क्लब गोव्याच्या क्लबांनी जागा सोडल्या म्हणून परत घेतला गेला होता. त्यालाच त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. टीव्हीला जमील फारसे उपयोगाचे नाहीत. पत्रकार परिषदेत दोन-तीन वाक्यांत उत्तर देऊन ते पुढच्या प्रश्नाची वाट बघतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेरा वर्षांत या पदावर आलेले पहिले भारतीय. पुढच्याच महिन्यात मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत त्यांचा संघ तिसरा आला. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. त्या पराभवाचा हिशेब त्यांच्या नावावर लिहिला गेला, जसा प्रशिक्षकाच्या नावावर लिहिला जातो. परत जायला त्यांच्यासाठी कुठल्या स्टुडिओत खुर्ची राखून ठेवलेली नव्हती.